सत्यप्रत

तहसीलच्या कंपाउंडला टेकून माझं दुकान,
झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म.
बाहेर निंबाची सावली, आणि तिच्यासोबत सरकत जाणारी माणसं.

पूर्वी झेरॉक्स काढून लोक रस्ता ओलांडायचे,
बोबडे सरांच्या ओसरीवर.
सर आधी कागद उजेडात धरायचे, मग माणूस.
"तू पवनारकराच्या शांतारामाचा ना? आजा कसा हाय?"
एवढं झालं की हिरव्या शाईची सही
आणि गोल शिक्का, जरा तिरका: सत्यप्रत.
पैसे घेत नसत.
पैसे घेतले तर शिक्का उमटत नाही, म्हणायचे.

मग सरकारनंच सांगितलं, स्वतःच सही करा,
तुमचे साक्षीदार तुम्हीच.
सरांचा शिक्का नातवाच्या कंपासपेटीत गेला.
दारावर सत्यप्रत, पेरूवर सत्यप्रत,
एकदा मांजरीच्या पोटावरही.

परवा बाजाराच्या दिवशी नीलेश कोडापे आला.
साप पकडतो. आठ-दहा गावांत दुसरं कोणी नाही.
"ताई, हे पाह्य."
मोबाइलमध्ये नीलेशच. गळ्यात धामण,
मागं आमच्याच वणा नदीचा पूल,
नावापुढं निळं फूल, फुलात पांढरी खूण.
"हा मी नाही. सापाच्या दवाखान्यासाठी वर्गणी मागून राह्यला.
लोकं देऊन राह्यले."
"कंपनीले कळवलं नाही?"
"कळवलं ना. त्याच्यापाशी खूण हाय म्हणते.
मलेच विचारते, तू कोण?"

ती खूण नवी होती तेव्हा
आम्ही लांबूनच पाहायचो तिच्याकडं,
साहेबाच्या गाडीवरच्या लाल दिव्यासारखं.
मग दिवा भाड्यानं मिळू लागला.
आधी सरपंचाच्या पोरानं घेतला,
मग कृषी केंद्रानं,
मग कावीळ उतरवणाऱ्या एका महाराजानं
(त्याचे दोन महिने थकले, तेव्हा तो पुन्हा साधा माणूस झाला).
आता कुणाच्या नावापुढं निळं दिसलं
की भाजीवाली कौसल्याही विचारते,
"महिन्याचे किती पडते?"

नीलेश म्हणाला, भरून टाक फॉर्म.
चेहरा डावीकडं कर. उजवीकडं कर. डोळे मिचकाव.
आधार टाकलं, जन्मतारीख टाकली.
उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच आहे त्याचं,
घोणशीनं नेलेलं.
ते कुठं दाखवायचं, फॉर्मात जागा नव्हती.

पैसे भरायच्या पानावर गोल गोल फिरत राहिलं,
तेवढ्यात त्याचा फोन वाजला.
गिरडकडची बाई, आवाज कापरा:
"भाऊ, शेगडीच्या मागं लांबच्या लांब पडून हाय."
"नंबर कोणी देला माय?"
"शायेच्या भिंतीवर गेरूनं लिहून हाय ना."
"त्याच्याकडं पाहात राह्य. मारू नोको. आलोच."
आणि फटफटीला लाथ मारून गेला,
बरणी विसरला, परत आला, बरणी घेऊन गेला.

स्क्रीनवर आलं: वेळ संपली.
पुन्हा सुरुवात करा.

संध्याकाळी शटर अर्धं ओढलं होतं.
माझ्या मोबाइलवर टिंग झालं.
तोच फोटो, तीच धामण, तेच निळं फूल:
"नमस्कार ताई, ओळखलंत ना?"

नीलेशनं मला जन्मात नमस्कार घातला नाही.
वही काढली. को, कोडापे.
मागच्या पोळ्यापासून सतरा रुपये बाकी,
लॅमिनेशनचे.
मी लिहिलं,
"ओळखलं. माझे किती देणं लागतोस, सांग."

दोन खुणा उमटल्या.
थोड्या वेळानं त्याही निळ्या झाल्या.
मी शटर धरून उभी राहिले,
उत्तराची वाट पाहत,
रस्त्यावर फटफटीचा आवाज येतो का, ऐकत.